दुबळ्या तारेची कहाणी

भारतातून पहिल्यांदाच इंग्लंडला आलेल्या पाहुण्यांना इथल्या दोन गोष्टींचं हमखास नवल वाटतं. एक म्हणजे बाथरूमच्या छताला लोंबकळणारा दोरीचा स्विच, आणि दुसरी म्हणजे तीन चौकोनी पिनांचा तो अगडबंब प्लग. "अहो, एवढासा टेबल लॅम्प, त्याला एवढा मोठा प्लग कशाला?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकला असेल. प्लग उघडून दाखवला तर नवल आणखी वाढतं, कारण आत बोटाच्या पेराएवढी एक नळी असते आणि तिच्यावर ३ किंवा १३ असा आकडा असतो. तो फ्यूज. भारतातल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो, अमेरिकेतल्या साध्या प्लगमध्येही नसतो. मग इंग्रजांनाच ही अवदसा का आठवली?

मी व्यवसायाने आयटीवाला. विजेचा अभ्यास इंजिनिअरिंगच्या पदवीपुरता झाला, नंतर इथे एम.एस्सी. केलं आणि गाडी कॉम्प्युटरच्या रुळावर गेली. पण या प्रश्नाच्या निमित्ताने फ्यूजचा इतिहास थोडा चाळला आणि लक्षात आलं की ही गोष्ट चांगली दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे. तिच्यात शास्त्रज्ञ आहेत, विमा कंपन्या आहेत, महायुद्ध आहे, आणि तुमच्या-आमच्यासारखी "एवढ्याने काय होतंय" म्हणणारी माणसंही आहेत. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट बंद पडली की रात्री-अपरात्री फोन वाजू लागतात. फ्यूज हे असं यंत्र आहे की वेळेवर बंद पडणं हेच त्याचं काम!

एक मुद्दा सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. फ्यूज टीव्ही वाचवण्यासाठी नसतो. तो तुम्हाला शॉक बसू नये म्हणूनही नसतो. फ्यूज असतो तो भिंतीतली तार वाचवण्यासाठी, म्हणजेच घराला आग लागू नये म्हणून.

अति तेथे माती

तारेतून वीज वाहिली की तार तापते. किती तापते याचा हिशोब इंग्लंडमधल्याच एका गृहस्थांनी मांडला. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावातल्या दारू गाळणाऱ्या घराण्यात जन्मलेले जेम्स जूल. त्यांनी १८४० च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १० अँपिअरच्या जागी २० अँपिअर वाहू लागले तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ३० झाले तर नऊपट. "अति तेथे माती" ही म्हण जूलसाहेबांना माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांनी तिचं गणित मांडलं.

आता तार म्हणजे नुसतं तांबं नव्हे. तांबं वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे तांब्याची चिंता नाही. खरा नाजूक भाग म्हणजे त्यावरचं वेष्टण. पूर्वी ते रबर आणि सुती कापडाचं असे, आता पीव्हीसीचं असतं आणि साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची असते. त्याच्या वर तार रोज तापत राहिली की वेष्टण कडक होतं, त्याला तडे जातात, आणि एक दिवस दोन तारा एकमेकींना भिडतात. मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नेहमीचं वाक्य छापून येतं, "शॉर्ट सर्किटमुळे आग". शॉर्ट सर्किट त्या दिवशी झालेलं असतं, पण त्याची तयारी कित्येक वर्षं चाललेली असते.

या दुखण्यावरचा उपाय फार साधा आहे. सगळ्या मार्गात एक तुकडा मुद्दाम दुबळा ठेवायचा, म्हणजे तापलंच तर आधी तो वितळेल आणि मार्ग तुटेल. भिंतीतली तीस फूट तार जळण्याऐवजी डोळ्यांसमोरची दोन इंच तार जळेल.

तारायंत्रापासून दिवाणखान्यापर्यंत

ही युक्ती पहिल्यांदा सुचवली गेली ती घरांसाठी नव्हे तर तारायंत्रासाठी. १८४७ साली पॅरिसच्या लुई ब्रेगे यांनी सांगितलं की तारेच्या खांबांवर वीज कोसळली तर ती थेट यंत्रापर्यंत पोचते, म्हणून यंत्राच्या अलीकडे एक बारीक तार जोडा. वीज पडली की ती बारीक तार जळून जाईल. यंत्र आणि ते चालवणारा माणूस वाचेल.

विजेचे दिवे आल्यावर हीच कल्पना घरात आली. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी जवळपास एकाच सुमारास विजेचा दिवा व्यवहारात आणला. एडिसनने दिव्यांच्या जोडणीतल्या सुरक्षा-तारेचं पेटंट १८८० मध्येच घेतलं. जानेवारी १८८२ मध्ये लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर एडिसन कंपनीचं वीजकेंद्र सुरू झालं, आणि त्याच वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कचं प्रसिद्ध पर्ल स्ट्रीट केंद्र. म्हणजे लंडनने न्यूयॉर्कला काही महिन्यांनी मागे टाकलं होतं, ही गोष्ट अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांना सांगायला हरकत नाही!

त्या काळचे फ्यूज कथलाच्या पातळ पट्टीचे किंवा शिशाच्या तारेचे असत. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" म्हणून आपण कथलाला हिणवतो, पण इथे त्याचा हलकेपणाच कामाला आला. फ्यूज हा शब्दही लॅटिनमधल्या "वितळवणे, ओतणे" या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. (बॉम्बच्या वातीलाही इंग्रजीत फ्यूज म्हणतात, पण तो शब्द निराळा, सूत कातायच्या चातीवरून आलेला.) आपल्या शाळेच्या पुस्तकांतला "वितळतार" हा शब्द त्यामुळे अगदी चपखल आहे. दुर्दैवाने तो परीक्षेच्या पेपराबाहेर कधी पडला नाही.

पुढची काही वर्षं या "दुबळ्या तारे"ला शिस्त लावण्यात गेली. ब्रिटिश पोस्ट खात्याचे इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात नियम शोधला की उघडी तार किती प्रवाहाला वितळेल हे तिच्या व्यासाच्या दीडाव्या घातावर ठरतं. म्हणजे तार दुप्पट जाड केली तर ती वितळायला दुप्पट नव्हे, जवळजवळ २.८ पट प्रवाह लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे आपल्या घरच्या वायरमनसंदर्भात तो पुन्हा येणार आहे. १८९० मध्ये मॉर्डी यांनी काचेच्या नळीत बंद केलेल्या फ्यूजचं पेटंट घेतलं. उघडी तार वितळताना ठिणग्या उडत, वितळलेला धातू खाली सांडे. नळीत तो आतल्या आत राही. इथल्या प्लगमधली नळी ही त्याच घराण्यातली.

विमा कंपन्यांचा धाक

शोध लागला म्हणजे लोक तो वापरतात असं नाही. फ्यूज लावायची सक्ती कोणी केली? सरकारने नव्हे, ती आली विमा कंपन्यांकडून. गिरण्यांमध्ये आणि नाटकगृहांमध्ये विजेचे दिवे लागू लागले तसे आगीचा विमा उतरवणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. १८८२ साली लंडनच्या फिनिक्स फायर ऑफिसचे इंजिनिअर मस्ग्रेव्ह हीफी यांनी विजेच्या जोडणीचे नियम काढले. त्याच वर्षी इथल्या इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे पुढे आय.ई.ई. झालेल्या सोसायटीने, आपलं चार पानी नियमपत्रक छापलं. त्याचं नावच मुळी विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्याचे नियम असं होतं. प्रवाह वाजवीपेक्षा वाढला तर वितळेल अशी सुरक्षा-तार मुख्य मार्गात असावी, असं त्यात म्हटलं होतं. आज इथले इलेक्ट्रिशियन ज्याला "रेग्ज" म्हणतात आणि ज्याची अठरावी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली, ते जाडजूड पुस्तक म्हणजे त्या चार पानांचा वंशवेल.

अमेरिकेतही तेच झालं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात (जिथे स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं ती धर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती) विजेची आरास प्रचंड होती आणि विमा कंपन्यांना तिची धास्ती वाटत होती. तपासणीसाठी विल्यम मेरिल नावाचा तरुण इंजिनिअर पाठवला गेला. त्यानेच १८९४ मध्ये पुढे यूएल म्हणून प्रसिद्ध झालेली चाचणी संस्था सुरू केली. गोलातली ती यूएल ही अक्षरं आजही असंख्य विजेच्या वस्तूंवर दिसतात. १८९७ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत नियमावली निघाली. थोडक्यात, ज्याच्या खिशाला चाट बसते तो नियम करतो!

एका पेनीची करामत

आता या गोष्टीतला खलनायक येतो, आणि तो म्हणजे माणूस.

अमेरिकेत घरगुती फ्यूज दिव्याच्या बल्बसारखे आट्यांचे असत. फिरवला की बसला. सोय उत्तम, पण एक घोळ होता. १५, २० आणि ३० अँपिअर, तिन्ही एकाच खोबणीत बसत. हिवाळ्यात हीटर लावला, फ्यूज उडाला, की लोक १५ चा काढून ३० चा बसवत. आणि घरात दुसरा फ्यूजच नसला तर? तांब्याची एक पेनी खोबणीत घालून तिच्यावर उडालेला फ्यूज फिरवून बसवत. दिवे लागत, हीटर चाले, सगळे खूश. त्या पेनीला मात्र उडणं ठाऊक नव्हतं. फ्यूज वितळायच्या ऐवजी भिंतीतली तार तापत राही. अशी घरं जळायला लागल्यावर तिथे नव्या प्रकारचे फ्यूज आले. त्यांत प्रत्येक आकड्याच्या आट्या वेगळ्या, आणि खोबणीत एकदा बसवलेलं कडं पुन्हा निघत नाही. १५ च्या जागी ३० चा शिरतच नाही, आणि पेनीचीही डाळ शिजत नाही.

जर्मन लोक या बाबतीत आधीच सावध होते. त्यांच्या फ्यूजचं खालचं टोक अँपिअरप्रमाणे कमी-जास्त जाडीचं असे आणि खोबणीत त्याच मापाची अंगठी बसवलेली असे. लहान फ्यूज मोठ्या अंगठीत जाई, मोठा लहानात जात नसे. म्हणजे चूक करायची तर ती सुरक्षित बाजूलाच करा, अशी व्यवस्था.

फ्यूजचा सगळा पुढचा इतिहास हा या एकाच झटापटीचा आहे. माणूस सोय बघतो आणि दुबळी तार बळकट करायला जातो. इंजिनिअर ती संधी त्याच्या हातून काढून घेतो.

आपला किटकॅट

मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये आली, ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. वायरिंगची पद्धत, प्लग, फ्यूज, सगळं अर्थातच ब्रिटिश वळणाचं. सागवानी पट्ट्यांवर क्लिपांनी ठोकलेल्या तारा, काळे बॅकेलाइटचे खटके, आणि मीटरजवळच्या लाकडी बोर्डावर पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज. त्यांना आपण किटकॅट म्हणायचो. खेचून काढायचा, जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, पुन्हा ठोकून बसवायचा. हे काम करताना टॉर्च धरून उभं राहणं ही माझ्या पिढीच्या मुलांची ठरलेली ड्यूटी होती.

किटकॅटचे दोन दोष होते. पहिला म्हणजे तो मुळातच आळशी. तार गुंडाळायच्या अशा उघड्या फ्यूजमध्ये १५ अँपिअरची तार १५ ला वितळत नाही. तिला साधारण दुप्पट, ३० च्या आसपास प्रवाह लागतो. म्हणून ब्रिटिश नियमांत असा फ्यूज वापरायचा तर भिंतीतली तार एरवीपेक्षा जाड घ्यावी लागे. दुसरा दोष मोठा. त्यात कोणती तार गुंडाळायची हे फ्यूज ठरवत नाही, गुंडाळणारा ठरवतो! इंग्लंडमध्ये दुकानात पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या ५, १५ आणि ३० अँपिअरच्या तारा मिळत. आपल्याकडेही फ्यूजची तार मिळे, पण रात्री नऊ वाजता, क्रिकेटची मॅच रंगात आलेली असताना, ती शोधणार कोण? जुन्या वायरचा तुकडा सोलायचा, त्यातले तांब्याचे चार केस काढायचे, पीळ द्यायचा आणि गुंडाळायचे. पुन्हा उडाला तर आठ. प्रीससाहेबांचा नियम आठवा. डोळ्यांना "थोडी जाड" दिसणारी तार प्रत्यक्षात कितीतरी जास्त प्रवाह सोसते. अमेरिकेतल्या पेनीची ही आपली चुलत बहीणच.

तरीही चाळींमधली आणि वाड्यांमधली बहुतेक घरं सुखरूप राहिली, याचं कारण आपली शिस्त नव्हे, आपली गरज कमी होती हे आहे. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या थोडा वर घेतो. चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ मिळून दोन अँपिअरही होत नसत. तारेवर ताण पडायचा प्रसंगच येत नव्हता.

श्टोट्झ यांचा खटका

एडिसनने १८७९ मध्येच आपोआप तुटणाऱ्या खटक्याची कल्पना मांडली होती, पण प्रत्यक्षात त्याने स्वस्त फ्यूजच वापरला. घरात बसेल असा छोटा खटका बनवण्याचं श्रेय जर्मनीतल्या मानहाइमच्या हुगो श्टोट्झ यांना जातं. त्यांची कंपनी ब्राऊन बोव्हेरी या मोठ्या कंपनीने घेतली होती आणि १९२४ मध्ये त्यांच्या खटक्याचं पेटंट झालं. आज आपण ज्याला एमसीबी म्हणतो त्याचा हा पूर्वज. सुरुवातीचा नमुना तर जुन्या आट्यांच्या फ्यूजच्या जागीच फिरवून बसवता येई.

या डबीत दोन पहारेकरी असतात. पहिला सावकाश. ही एकमेकांना चिकटवलेल्या दोन धातूंची पट्टी असते. तापली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. पुरेशी वाकली की खटका पडतो. गिझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकदम लावल्यावर दहा-वीस मिनिटांनी एमसीबी पडतो तो हिच्यामुळे. दुसरा पहारेकरी तडक. ही तारेची गुंडाळी, म्हणजे विद्युतचुंबक. शॉर्ट सर्किटमध्ये प्रवाह एकदम शेकड्यांत जातो तेव्हा पट्टी तापायची वाट बघायला वेळ नसतो; चुंबक दांडी ओढतो आणि सेकंदाच्या लहानशा भागात मार्ग तुटतो.

आंतरराष्ट्रीय मानकाचे आकडे बघा. १० अँपिअरच्या एमसीबीने ११.३ अँपिअरवर तासभर तरी पडू नये, आणि १४.५ वर तासाभरात पडलाच पाहिजे. घरगुती "बी" प्रकारात तीन ते पाच पट प्रवाहाला तो तत्काळ पडतो. "सी" प्रकारात पाच ते दहा पट, कारण पंप आणि एसीच्या मोटरी सुरू होताना क्षणभर मोठा घास घेतात. म्हणजे किटकॅट जिथे दुपटीपर्यंत डुलक्या काढत असे, तिथे हा दीडपटीच्या आतच जागा होतो.

पण मला त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट वेगळीच वाटते. दोष कायम असताना तुम्ही खटक्याची दांडी वर बोटाने दाबून धरली तरी तो आतून तुटतो. दांडी तुमच्या हातात, पण निर्णय त्याचा. पेनी घालायला जागा नाही, चार केस गुंडाळायला जागा नाही. माणसाच्या हातून काढून घेतलेली ही आणखी एक संधी.

महायुद्ध, तांबं आणि तो प्लग

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. युद्धापूर्वी इंग्लंडमध्येही आपल्यासारखेच गोल पिनांचे प्लग होते, २, ५ आणि १५ अँपिअरचे. १९३४ च्या ब्रिटिश मानकातले तेच प्लग भारतात गेले आणि आपल्याकडे अजून नांदत आहेत. त्या पद्धतीत साधारणपणे प्रत्येक मोठ्या सॉकेटची तार वेगळी मुख्य बोर्डापर्यंत जाई आणि तिथे तिचा वेगळा फ्यूज असे.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत लाखो घरं पडली. ती पुन्हा उभारायची, प्रत्येक खोलीत विजेची सोय करायची, पण तांब्याचा तर दुष्काळ. त्यासाठी नेमलेल्या वीस जणांच्या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅस्लेट. स्त्रियांच्या इंजिनिअरिंग सोसायटीच्या त्या पहिल्या सचिव. घरात वीज वापरणाऱ्या बायकांचा आणि हात घालणाऱ्या मुलांचा विचार समितीपुढे ठेवणाऱ्या त्याच. समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४७ मध्ये आजच्या १३ अँपिअरच्या प्लगचं मानक निघालं. वरची पिन लांब असते, ती आधी आत जाऊन खालच्या दोन भोकांवरची झाकणं उघडते. मुलांची बोटं आणि हेअरपिना आत जात नाहीत त्या त्यामुळे.

तांबं वाचवण्यासाठी समितीने वेगवेगळ्या तारांऐवजी एकच तार घरभर गोल फिरवून पुन्हा बोर्डात आणली आणि तिच्यावर सगळी सॉकेट्स बसवली. या कड्याला ३० अँपिअरचा एकच फ्यूज (आता ३२ चा खटका). पण त्यातून नवा पेच निर्माण झाला. टेबल लॅम्पची बारीक वायर जेमतेम तीन अँपिअरची. तिच्यात दोष झाला तर बोर्डातला ३० चा फ्यूज तिची दखल घेईपर्यंत ती वायर जळून जाईल आणि तिच्याबरोबर पडदेही. म्हणून त्या बारीक वायरीचा फ्यूज तिच्यापाशीच, म्हणजे प्लगमध्ये, आणून ठेवला. लॅम्पला ३, किटलीला १३. तर असा हा प्लग मोठा आहे. तो लॅम्पचा नाही, लॅम्पच्या वायरीचा अंगरक्षक आहे.

म्हणूनच लॅम्पच्या प्लगमधला ३ चा फ्यूज उडाल्यावर ड्रॉवरमध्ये सापडला म्हणून १३ चा घालू नये. चालेल तो जरूर, पेनीही चालतच होती.

फ्यूज जे करत नाही ते

शॉकचं काय? माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह काही काळ गेला तर तो जीव घेऊ शकतो. हा अँपिअरचा तेहतिसावा भाग. ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याची वार्ताही लागत नाही. त्यासाठी यंत्र निराळं. ते फक्त जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करतं. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे वाटेत कोणातून तरी जमिनीत चालला आहे, तोडा! अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी माणसाला तार सोडता येईल एवढा प्रवाह किती याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९६१ मध्ये सुमारे ५ मिलिअँपिअरला तुटणारं असं यंत्र तयार केलं. इथे आणि भारतात घरासाठी ३० मिलिअँपिअरचं वापरतात. इंग्लंडमध्ये याला आरसीडी म्हणतात, आपल्याकडे आरसीसीबी किंवा जुन्या सवयीने ईएलसीबी. इथल्या नियमांनी २००८ पासून घरातल्या बहुतेक सॉकेट्सना ते लागू केलं. त्यावर "टी" लिहिलेलं एक बटण असतं. ते दर सहा महिन्यांनी दाबून बघायचं असतं. घड्याळं मागेपुढे करायच्या दिवशी दाबलं तर वेगळं लक्षात ठेवायला नको.

आई-बाबांच्या घरचा बोर्ड

हे सगळं सांगायचं खरं कारण आता सांगतो. आपण परदेशी राहणारी मंडळी आई-वडिलांच्या सुखसोयींसाठी काय काय करतो! एसी बसवून देतो, मोठा गिझर घेतो, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर. यात गैर काहीच नाही. पण त्या घरातली तार मात्र चार बल्ब आणि दोन पंख्यांच्या काळातली असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

ठाण्याच्या एका ओळखीच्या घरी असंच झालं. घरात दोघं ज्येष्ठ नागरिक. मुलाने एसी घेऊन दिला. तो लावला की एमसीबी पडायचा. वायरमन आला, त्याने "एमसीबी कमजोर आहे" असं निदान केलं आणि १० काढून ३२ चा बसवला. एमसीबी पडायचा थांबला, सगळ्यांनी त्याची तारीफ केली. काही महिन्यांनी बोर्डाजवळ जळकट वास येऊ लागला. दुसऱ्या, जाणत्या वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा मागच्या तारांचं वेष्टण तपकिरी पडून चुऱ्यासारखं गळत होतं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. कमजोर होती ती तार, आणि एमसीबी बिचारा नेमकं तेच ओरडून सांगत होता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं.

तेव्हा नियम एकच: आधी तार, मग आकडा. साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला १० अँपिअर, २.५ ला १६ ते २०. गिझर आणि एसीला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र खटका. नेमका हिशोब तार किती लांब आहे, भिंतीत कशी घातली आहे यावर ठरतो, आणि तो परवानाधारक वायरमननेच करावा. आणखी एक बघण्यासारखी गोष्ट. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल, दोन्हींवर किटकॅट असत. न्यूट्रलचा उडाला तर दिवे जातात, पण तारेत वीज तशीच असते. "लाइट गेलेत" म्हणून कोणी बल्बच्या होल्डरला हात लावला की घात. न्यूट्रलवर एकटा फ्यूज असेल तर तो काढून टाकायला सांगावं, आणि जोडीला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्यावं. हा सगळा खर्च बहुतेक वेळा एसीच्या किमतीपेक्षा कमीच येतो.

यंदाच्या भारतवारीत बॅगा भरताना चॉकलेटं, परफ्यूम, व्हिटॅमिनच्या गोळ्या सगळं आठवणीने न्यालच. तिथे पोचल्यावर एक सकाळ मात्र मीटरखालच्या त्या डब्यासाठी राखून ठेवा. एक चांगला वायरमन बोलवा, चहा पाजा, आणि त्याला प्रत्येक खटक्यापाशी एकच प्रश्न विचारा: यावर जो आकडा लिहिलाय, तो यामागच्या तारेला झेपतो का?